मिठाच्या गोण्या आणि नान-खलिया

देवगिरीचा किल्ला मिठाने पाडला, असं इतिहासकार फिरिश्ता सांगतो. साल १२९६. कडा-माणिकपूरचा सुभेदार अल्लाउद्दीन खलजी, दिल्लीच्या तख्तावर बसलेल्या आपल्या चुलत्याला पत्ता लागू न देता, विंध्य ओलांडून थेट यादवांच्या राजधानीवर येऊन धडकला. रामदेवराय यादवाची बरीचशी फौज युवराज शंकरदेवाबरोबर बाहेर होती. राजा किल्ल्यात शिरला, दरवाजे लागले. पायथ्याशी कोकणातले व्यापारी आपल्या गोण्या टाकून पळाले होते. धान्यच असणार म्हणून गडावरच्या लोकांनी त्या घाईघाईने वर ओढून घेतल्या. वेढा चालू असताना उघडल्या, तर आत मीठ.

फिरिश्ता हे लिहीत होता विजापुरात, घटनेनंतर तीनशे वर्षांनी. तेव्हा गोणीतलं मीठ खरं किती आणि गोष्टीला लावलेलं किती, हे ज्याने त्याने ठरवावं. पण रचलेली असली तरी गोष्ट जाणत्याची आहे. सरळ उभ्या तासलेल्या कड्यावर कुणी शिडी लावू शकत नाही, खंदकात उतरलेला वर येत नाही. असा किल्ला घ्यायचा तर आतल्या माणसांच्या पोटातूनच घ्यावा लागतो, हे सांगणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं. पुढे १६३३मध्ये मोगलांनी हाच किल्ला घेतला तेव्हाही आतलं दाणापाणी संपत आलं होतं. दख्खनमध्ये त्याआधीची दोन-तीन वर्षं भीषण दुष्काळाची गेली होती. किल्ला मोगलांच्या हवाली करणारा फत्तेखान हा, ज्याने निजामशाही तोलून धरली त्या मलिक अंबरचाच मुलगा.

म्हणून दौलताबाद (हीच ती देवगिरी), खुलताबाद आणि जुनं औरंगाबाद, म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर, ही तीन गावं एका दिवसात करायची तर तलवारीचा माग सोडावा आणि दाण्याचा धरावा, असं माझं मत आहे. वेरूळकडे त्या दिवशी वळायचं नाही. लेण्यांना वेगळा दिवस लागतो आणि त्यांचा काळही बराच आधीचा. ही तीन गावं मात्र एकमेकांना धरून आहेत. यादव, खलजी, तुघलक, बहमनी, निजामशाही, मोगल आणि आसफजाही या सगळ्यांनी इथे मुक्काम केला, आणि जो आला त्याला आधी चूल मांडावी लागली.

शहरातून सकाळी लवकर निघालं की पंधराएक किलोमीटरवर शंकूसारखा तो डोंगर समोर उभा राहतो. दिवाळीच्या आगेमागे गेलात तर किल्ल्याच्या आधी सीताफळं भेटतात. रस्त्याकडेला पाट्या मांडून बायका बसलेल्या असतात, शेजारी पेरूंचे ढीग. मी एक फळ उचलून अंगठ्याने दाबलं, तशी मावशी कडाडल्या.

“दाबू नका ना भाऊ. डोळे बघा त्याचे.”

डोळे म्हणजे सालीवरचे ते खवले. फळ कच्चं असताना ते एकमेकांना चिकटून, हिरवेगार असतात. भरलं की डोळा मोठा होतो, दोन डोळ्यांच्या मधली घळ रुंदावते आणि तिथे पांढरट-पिवळी रेघ उमटते. अशी रेघ आलेलं फळ काढून ज्वारीत नाही तर गवतात दाबून ठेवलं की दोन दिवसांत पिकतं. रेघ नसलेलं काढलं तर काळं पडतं, पिकत नाही. मावशींनी हे सगळं एका दमात सांगितलं आणि आजच खायची वेगळी, परवाची वेगळी अशी दोन कागदांत बांधून दिली. आजच्यातलं एक मी तिथेच उभ्याउभ्या फोडलं. इथल्या फळात बिया मायंदाळ, पण गर रवाळ आणि गोडी अशी की तोंड पुसल्यावरही बोटं चिकटत राहतात.

आता गंमत अशी, की रामदेवरायाने सीताफळ कधी चाखलं नसणार. पेरूही नाही. दोन्ही अमेरिकेतली, समुद्रावरून पोर्तुगीजांच्या काळात आपल्याकडे आलेली. जुन्या शिल्पांत आणि अजिंठ्याच्या चित्रांत सीताफळ दिसतं असं मानणारे लोक आहेत, पण बहुसंख्य वनस्पतिशास्त्रज्ञांचा कौल अमेरिकेकडेच आहे. त्या काळच्या देवगिरीची फळं कोणती, हे इब्न बतूता सांगतो. हा मोरोक्कोचा प्रवासी दिल्लीचा सुलतान मुहम्मद तुघलक याच्या नोकरीत असताना, १३४०च्या सुमारास इथे येऊन गेला. द्राक्षं आणि डाळिंबं, आणि त्यांना वर्षातून दोनदा बहर, असं त्याने नोंदवलंय. डाळिंबाचे वेगवेगळे बहर धरणाऱ्या आजच्या शेतकऱ्याला यात काही नवल वाटणार नाही. इथले लोक तांदूळ, भाज्या आणि तिळाचं तेल खातात, जीवहत्या टाळतात, असंही तो म्हणतो. त्याने बहुधा वरच्या वर्गाचीच ताटं पाहिली. मराठ्यांच्या बायकांच्या नाकाची आणि भुवयांची तारीफ करायलाही तो विसरलेला नाही.

किल्ल्याला तीन कोट आहेत. सगळ्यात बाहेरचा अंबरकोट, मग महाकोट, मग काळाकोट. अंबरकोट आत घेतो तो गाव. तिथे रयत राहायची. या कोटाच्या वेशीतून आजही खुलताबादचा डांबरी रस्ता जातो आणि सुटीच्या दिवशी त्या कमानीत ट्रॅव्हल्सची बस अडकली की दोन्हीकडे अर्धा-अर्धा किलोमीटर रांग लागते. मध्ययुगीन नगरनियोजनाचा अनुभव घ्यायचा तर यापेक्षा अस्सल सोय नाही. हत्ती अडवायला बांधलेला दरवाजा बसही अडवतो.

महाकोटात शिरलं की खिळे ठोकलेले दरवाजे, तोफा, आणि डाव्या हाताला हत्तीहौद. हा हौद बघून थोडा वेळ तरी थांबावं. एवढं पाणी साठवणाऱ्यांनी धान्याकडे दुर्लक्ष केलं असेल का, असा प्रश्न पडतो आणि मिठाची गोष्ट पुन्हा संशयास्पद वाटायला लागते. पलीकडे खांबांचं मोठं आवार आहे. १३१८मध्ये कुतुबुद्दीन मुबारक खलजीने देवळांचे खांब वापरून बांधलेली ती जामा मशीद. आता तिथे भारतमातेचं मंदिर आहे. समोर बहमनी काळातला चांदमिनार. ही तीन वाक्यं सलग वाचली तरी दख्खनचा निम्मा इतिहास झाला.

वर चढताना चिनीमहाल लागतो. निळ्या-पांढऱ्या फरश्यांचे तुकडे भिंतीवर अजून टिकून आहेत. गोवळकोंड्याचा शेवटचा कुतुबशहा अबुल हसन, म्हणजे तानाशहा, याला औरंगजेबाने १६८७मध्ये कैद केलं आणि इथे आणून ठेवलं. मरेपर्यंत तो इथेच होता. त्याला पकडायला मोगल सरदार गोवळकोंड्याच्या महालात शिरले त्या पहाटेची हकिकत इतिहासकार खाफीखानाने दिली आहे. तानाशहा शांत बसला होता. त्याने जेवण मागवलं, पकडायला आलेल्यांनाही पंगतीला बोलावलं, आणि पोटभर जेवून मगच त्यांच्याबरोबर निघाला. राज्य गेलं त्या दिवशी न्याहारी न चुकवणारा हा माणूस मला त्या सगळ्या शहेनशहांत उजवा वाटतो. हैदराबादी खाण्याची जी काही मिजास आहे तिचं मूळ इथे शोधायला हरकत नाही.

खंदकावरचा पूल ओलांडला की अंधारी. डोंगराच्या पोटातून वळत वर जाणारा, पायऱ्या उंचसखल असलेला काळोखी मार्ग. वरच्या तोंडाशी आगटी पेटवून धूर आत सोडायचा आणि घुसलेल्याला गुदमरवायचं, अशी योजना. आता तिथे वटवाघळांचा वास आहे आणि मोबाइलचे दिवे. बतूता इथल्या तुरुंगाबद्दल लिहितो, की तिथले उंदीर मांजरांपेक्षा मोठे आहेत आणि मांजरंच त्यांना भिऊन पळतात. उंदीर एवढे माजायचे तर आसपास कोठारं भरलेली हवीत, असा माझा अडाणी तर्क. आणि उंदराचा विषय निघालाच आहे तर: कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराने बाराव्या शतकात लिहिलेल्या ‘मानसोल्लासा’त मांडे आणि वड्यांच्या बरोबरीने शेतातले उंदीर कसे भाजावेत याचीही कृती आहे. आपल्या पूर्वजांच्या सात्त्विक आहारावर भाषण देणाऱ्यांनी ते प्रकरण अवश्य चाळावं.

बारादरीच्याही वर जनार्दनस्वामींचं स्थान आहे. निजामशाहीत ते इथले किल्लेदार होते आणि पैठणहून आलेले एकनाथ त्यांच्याकडे शिष्य म्हणून राहिले. हिशेबात एका पैची चूक लागेना म्हणून एकनाथ रात्रभर वह्या घेऊन बसले, आणि चूक सापडल्यावर आनंदाने टाळी वाजवली, ही गोष्ट आपण शाळेत वाचलेली असते. तेव्हा ती चिकाटीची गोष्ट म्हणून शिकवतात. इथे, सातशेहून जास्त पायऱ्या चढून धापा टाकत उभं राहिल्यावर ती वेगळी कळते. किल्ल्याचा हिशेब म्हणजे कोठीचा हिशेब. किती खंडी आली, किती गेली, किती उरली. त्यात चूक म्हणजे काय होतं, हे मिठाच्या गोण्यांनी आधीच दाखवून दिलं होतं.

खाली उतरेपर्यंत भुकेने जीव गेलेला असतो. पायथ्याजवळ, रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये पिठलं-भाकरी मिळते. चुलीवर तवा, बाजूला परात, आणि भाकरी थापणाऱ्या ताईंचा हात परातीत इतक्या सारख्या तालात पडत होता की ऑर्डर देऊन आपणच घाई करतोय असं वाटावं. ज्वारीची भाकरी, पिठलं, हिरव्या मिरचीचा ठेचा, शेंगदाण्याची चटणी, कांदा. वाढताना ताईंनी विचारलं, “येसर आमटी देऊ का? आज केलीय.” मराठवाड्याबाहेरच्यांसाठी सांगतो: येसर म्हणजे धान्यं, डाळी आणि मसाले भाजून दळलेलं पीठ. ते पाण्यात कालवून फोडणीला टाकलं की आमटी तयार. लग्नघरात येसर आधीच करून डब्यात भरून ठेवतात, म्हणजे ऐन वेळी पन्नास पानं वाढली तरी घरच्या बाईची धांदल होत नाही. वेढ्यासाठी याहून चांगली शिदोरी मला सुचत नाही.

या ताटाची थोडी झडती घेऊ. ज्वारी आफ्रिकेतून आलेली, पण हजारो वर्षांपूर्वी. तेव्हा तिला इथलीच म्हणायला हरकत नाही. हरभरा जुना, लसूण जुना, तीळ आणि जवस जुने. ठेच्यातली मिरची मात्र पोर्तुगीजांनंतरची आणि शेंगदाणाही तसाच. म्हणजे ज्ञानेश्वरी सांगितली गेली त्या १२९० सालच्या महाराष्ट्रात, रामदेवरायाच्या राज्यात, ठेचा नव्हता. तिखटासाठी मिरी होती, पिंपळी होती, आलं होतं. ज्याला आपण सगळ्यात अस्सल, गावरान, मातीतलं वगैरे म्हणतो ते या ताटात सगळ्यात अलीकडे आलंय. बाजरी यादवांचा प्रधान हेमाडपंत याने आणली अशी लोकसमजूत आहे; मोडी लिपी, चुन्याशिवायची देवळं आणि बाजरी हे तिन्ही त्याच्या नावावर जमा. बाजरी भारतात त्याच्या हजारो वर्षं आधीपासून आहे. पण लोकांना आपली भाकरी कुणा तरी प्रधानाने दिली असं वाटावंसं वाटलं, हे त्या प्रधानाविषयी काही तरी सांगतं. यादवांच्या दरबारात संगीतशास्त्रकार शारंगदेव होता, पंडित म्हणून हाच हेमाद्री होता, पण लोकांनी लक्षात ठेवला तो बाजरीवाला हेमाडपंत.

दौलताबादचा घाट चढण्याच्या बेताने पुढे निघालं की कागजीपुरा लागतो. तुघलकाने १३२७मध्ये राजधानी इथे आणली तेव्हा तिच्याबरोबर कागद करणारे कारागीर आले, असं गाव सांगतं. राजधानी म्हटली की फर्मानं आली आणि फर्मानांना कागद हवाच. चिंध्यांचा लगदा, हौद, साचा, पाण्यातून साचा वर उचलताना हाताला बसलेला तो एक हिसका, मग वाळवण आणि घोटाई. मराठ्यांच्या दफ्तरांत दौलताबादी कागदाचं नाव सापडतं. आता लग्नपत्रिका आणि भेटवस्तूंच्या पिशव्या होतात. इथे फार वेळ लागत नाही, पण दोन ताव घ्यावेत.

तुघलकाने अख्खी दिल्ली उठवून इथे चालवली, हे आपण हसत सांगतो. इतिहासकार आता तसं मानत नाहीत. आले ते मुख्यतः उमराव, मौलवी, सूफी, कारकून, फौजफाटा आणि त्यांच्यावर पोट असलेले. दिल्ली ते दौलताबाद या चाळीस दिवसांच्या वाटेवर दुतर्फा झाडं होती, मैलामैलाला टप्पे होते आणि प्रवाशाला लागेल ते तिथे मिळत होतं, असं बतूता म्हणतो. त्या टप्प्यांवर काय शिजत असेल, हा माझा मुख्य प्रश्न. त्याचं उत्तर संध्याकाळी.

घाट चढून वर आलं की हवा बदलते. खुलताबाद पठारावर आहे. जुनी तटबंदी, वेशी आणि आत इतक्या कबरी की कुठलं गाव आणि कुठलं कबरस्तान याची हद्द लागत नाही. निजामुद्दीन औलियांचे शिष्य बुऱ्हाणुद्दीन गरीब चौदाव्या शतकात दिल्लीहून आले आणि १३३७मध्ये वारले. त्यांचा दर्गा इथे आहे. त्यांचे भाऊ मुंतजिबुद्दीन जरजरीजरबक्ष, बुऱ्हाणुद्दीनांचे शिष्य जैनुद्दीन शिराजी, निजामुद्दीनांची वचनं टिपून ठेवणारा कवी अमीर हसन सिज्जी, हे सगळे इथेच. जरजरीजरबक्षांच्या उरुसाला पंचक्रोशी लोटते आणि त्यात टोपीवाले किती, टिळेवाले किती, हे मोजायला कुणी बसत नाही.

जैनुद्दीनांच्या दर्ग्याच्या आवारात औरंगजेबाची कबर आहे. वर छत नाही, कबरीत माती आणि मातीत सब्जाचं रोप. भोवतीची संगमरवरी जाळी लॉर्ड कर्झनच्या वेळची, निजामाने बसवलेली. टोप्या शिवून मिळालेल्या चौदा रुपये बारा आण्यांतच कबरीचा खर्च भागवावा असं त्याने सांगून ठेवलं होतं, ही परंपरा. मार्च २०२५मध्ये या कबरीवरून बराच गदारोळ झाला, त्यावर वर्तमानपत्रांनी पुरेसं लिहिलं आहे. जवळच हैदराबादचा पहिला निजाम आहे, तानाशहा आहे, आणि या सगळ्यांच्या आधी, १६२६मध्ये गेलेला मलिक अंबर आहे. ज्याने ज्याला कैद केलं तो त्याच्याच शेजारी येऊन निजला.

पण माझा माग वेगळा होता. खानकाह, म्हणजे सूफींचा मठ, तिथे नुसतं जपतप नव्हे, लंगरही असे. येईल त्याला जेवण. आलेलं दान साठवायचं नाही, त्याच दिवशी वाटून टाकायचं, हा चिश्ती फकिरांचा दंडक. जरजरीजरबक्ष या नावातच सोनं वाटणारा आहे. सुलतान कोठारं भरत होते आणि हे रिकामी करत होते. गावातल्या गरिबाने कुणाच्या कबरीवर चादर चढवावी याचं कोडं राहत नाही. खुलताबादेतच भद्रा मारुती आहे, निद्रिस्त मारुतीच्या मोजक्या देवळांतलं एक. श्रावणी शनिवारी आणि हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री शहरातून हजारो लोक इथे चालत येतात, आणि त्या रात्री रस्त्याच्या कडेने जागोजाग मंडळांचे चहा-फराळाचे तंबू लागतात. चालत येणाऱ्याला खाऊ घालायची या वाटेची सवय जुनीच म्हणायची.

बुऱ्हाणुद्दीनांविषयी आणखी एक. खानदेशच्या फारुकी सुलतानाने तापीकाठी शहर वसवलं आणि त्याला या अवलियाचं नाव दिलं, बुऱ्हाणपूर. पलीकडच्या काठावरचं जैनाबाद त्यांच्या शिष्याच्या नावाचं. त्या बुऱ्हाणपूरची मावा जिलेबी, काळपट, जाड, खव्याची, आज मुंबईत रमजानमध्ये मोहम्मद अली रोडवर गावाच्या नावानेच विकली जाते. कफल्लक राहण्यात ज्याने धन्यता मानली त्या फकिराचं नाव शेवटी इतक्या तुपकट मिठाईला चिकटलं.

उन्हं उतरू लागली की परत शहरात. हे शहर मलिक अंबरने १६१०मध्ये खडकी या नावाने वसवलं. हबसाणातून गुलाम म्हणून विकला गेलेला, बगदादमार्गे दख्खनेत आलेला हा माणूस निजामशाहीचा कर्ता झाला. त्याच्या गनिमी काव्याबद्दल सगळे बोलतात. मला त्याची दोन कामं मोठी वाटतात: जमिनीची प्रत पाहून सारा ठरवणारी मलिकंबरी पद्धत, आणि नहर. कोरड्या खडकाळ जागी शहर वसवायचं तर आधी पाणी हवं, म्हणून डोंगरातले झरे पकडून भुयारी वाटेने, खापराच्या नळांतून, दाब सांभाळत त्याने पाणी गावात आणलं. त्याच धर्तीवर पुढे पाणचक्की झाली. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारातल्या या चक्कीत कित्येक किलोमीटरवरून आलेलं पाणी उंचावरून कोसळतं आणि खालची पाती फिरवतं. जातं फिरायचं ते फकिरांसाठी, यात्रेकरूंसाठी आणि इथे शिकणाऱ्या मुलांसाठी. दळण्याला बैल नको, बाई नको. पर्यटक हौदातले मासे आणि जुना वड बघतात, सेल्फी काढतात आणि जात्याच्या खोलीत डोकावून निघून जातात. मी उलट करा म्हणेन. जात्याजवळ थांबा. पाण्याचा आवाज आणि दगडाची घरघर ऐकली की या शहरात भाकरीपेक्षा नान का रुजला याचा अर्धा खुलासा होतो. एवढं पीठ एकदम दळायचं तर खाणारेही एकदम शेकड्यांनी असणार.

उरलेला अर्धा खुलासा जुन्या शहरातल्या गल्लीत, भट्टीपाशी. दुपारपासून मळलेल्या कणकेला खमीर आलेलं असतं. कारागीर जमिनीच्या पातळीवरच्या तंदूरपाशी बसतो, पेढा हाताने चेपून पसरतो, कापडी गादीवर घेतो, आणि कोपरापर्यंत हात आत घालून भिंतीला थाप मारून चिकटवतो. काही मिनिटांत सळईने खेचून बाहेर. वरून हळद आणि गुळाच्या पाण्याचा हात फिरवतात, त्यामुळे नान पिवळसर आणि चकचकीत दिसतो आणि घासाला किंचित गोडसर लागतो. पंजाबी हॉटेलातल्या मैद्याच्या पातळ नानाशी याचं नातं फक्त नावापुरतं. हा जाड, लुसलुशीत, आणि मुख्य म्हणजे टिकणारा. सकाळचा संध्याकाळी चहात बुडवून खातात. बरोबरच्या शाकाहारी मित्राने तेच केलं आणि त्याचं काही बिघडलं नाही.

खलिया देगेत असतो. मटण, दही, भाजलेलं खोबरं, खसखस, आलं-लसूण, मसाले, आणि वर बोटभर लाल तर्री. आमच्यासमोर ताट ठेवताना भट्टीवाले चाचा म्हणाले, “पहले तर्री में डुबाव, फिर नीचे जाव.” तसं केलं. तर्री दिसते तेवढी जहाल नाही. खाली रस्सा पातळ, गोडसर खोबऱ्याचा, हाडातला गर उतरलेला. नान तो शोषून घेतो आणि तरी विरघळत नाही. हे जेवण दोघांसाठी करायचं नसतंच. लग्नात, देगा लावून, शे-दोनशे माणसांचा अंदाज धरूनच ते जमतं. घरी चार वाट्या खलिया करायला गेलं तर ती नुसती मटणाची आमटी होते, असं चाचांचं मत.

शहरात कुणालाही विचारा, नान-खलिया तुघलकाच्या फौजेने आणला असंच सांगतील. लष्कर मोठं, मुक्काम उघड्यावर, तेव्हा जमिनीत खड्डे खणून तंदूर केले आणि एका देगेत मटण चढवलं. परंपरेची ही गोष्ट, दस्तऐवज नव्हे. शिवाय तुघलकाच्या देगेत लाल मिरची असणं शक्यच नाही. ती तर्री निदान दोन शतकांनंतरची. पण कृती बघितली तर गोष्टीत तथ्य वाटतं. टिकणारी भाकरी, एक भांडं, पोळपाट-लाटणं नको, तवा नको, शंभर माणसांना दोन बावर्ची पुरे. लष्कराचंच जेवण आहे हे. चाळीस दिवसांच्या त्या वाटेवरच्या टप्प्यांत मिरीने तिखट केलेला, पांढरट-तपकिरी, तर्री नसलेला असा एखादा खलिया शिजत असेल, असं मी धरून चाललो. पुढे सुलतान मन बदलून दिल्लीला परत गेला. १३४७मध्ये हसन गंगूने इथेच बहमनी राज्य उभं केलं आणि राजधानी गुलबर्ग्याला नेली. राजे येत-जात राहिले, भट्टीवाले इथेच थांबले.

मिरची नसलेला खलिया कुणी करतं का, असं मी चाचांना विचारलं. त्यांनी माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं.

“बीमार के वास्ते?”

तिथून गुलमंडी चालत दहा मिनिटांवर. सुपारी मारुतीच्या आसपास संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते, दिवाळीच्या तोंडावर तर नाहीच. इमरती इथली खासियत. उडदाची डाळ भिजवून, वाटून, फेटून, कापडाच्या भोकातून तुपात गोल फुलं काढायची आणि पाकात सोडायची. उडीद इथला, उसाची साखर इथली, तूप इथलं; वेटोळं तळून पाकात सोडायची जिलेबीची रीत तेवढी पश्चिमेकडून आलेली. भाकरी सोडली तर दिवसभरात खाल्लेल्या जिनसांत रामदेवरायाला सगळ्यात ओळखीचा वाटला असता तो हा ऐवज. मी ही माहिती दुकानातल्या पोराला उत्साहाने सांगितली. तो पुडा बांधता बांधता म्हणाला, “असंल साहेब. पाव किलो का अर्धा?”

अर्धा घेतला.